जमिनीवर बसणारा आयझॅक

आयझॅक गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी पितळी समईवरून घासाघीस करत होतो. सौदा पुरा केला, मगच उठलो. अकरा वर्षं एकाच गल्लीत राहून त्याच्याशी बोललो नव्हतो, तासाभरानं काय बिघडणार होतं...

तो अलिबागकडचा मराठी ज्यू. रेल्वेच्या नोकरीत इथून जवळच्या पापनाशमला आला आणि निवृत्तीनंतर तंजावरच्या राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत राहिला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी; मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्या दुकानात येऊन बसायचा. डोक्यावर भांडी वाहून मी दुकान उभं केलंय. फुकट बसणाऱ्यांना उठवतो. त्याला उठवलं नाही. आडी या तमिळ महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, सगळं गाव चित्रान्नाचे, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या भातांचे, डबे घेऊन कावेरीच्या पूजेला जायचं आणि त्याच सुमारास हा एक दिवस पाण्याविना जमिनीवर बसायचा, यरुशलेममध्ये दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिरासाठी. संध्याकाळी वालाचं बिरडं खाऊन उपास सुटे. एक वाटी आमच्याकडे येई. माझ्या बायकोला ते फार आवडायचं. मी टोमणे मारायचो, एवढ्या वर्षांत दहा देवळं बांधून झाली असती. एकदा विचारलं, हा उपास कशाच्या बदल्यात?

"कशाच्याच नाही, राव. मागायला बसत नाही. गेलंय, एवढं कबूल करायला बसतो."

मला तो आतबट्ट्याचा व्यवहार वाटला. बायकोच्या आजारपणात मी शुक्रवार धरले, तिरुवैयारुच्या शिवाला अभिषेक केले. ती गेलीच. सगळं गाव येऊन बोलून गेलं. आयझॅक मात्र तीन दिवस येऊन नुसता जमिनीवर बसला. तिसऱ्या दिवशी, चार माणसांदेखत, मी भडकलो. "इथं काय तुझं देऊळ पडलंय? दोन शब्द नसतील तर चालता हो." तो गेला. वाटीही बंद झाली.

फोननंतर त्याच्या घरी गेलो, तर त्याची बायको लेआ जमिनीवर बसली होती. मी बोलणार तोच तिच्या जावयानं थांबवलं. शोकातलं माणूस बोलेपर्यंत आलेल्यानं बोलायचं नसतं, म्हणाला. मी खाली बसलो. लेआनं बराच वेळ मला तसंच ठेवलं.

"वहिनी गेल्या तेव्हा तीन दिवस तुमच्या एका शब्दाची वाट बघत होता, भाऊजी," ती म्हणाली. मग तोंड फिरवलं.

सांगायला काय झालं होतं त्याला? तो राग अजून आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या उपासाचा दिवस आला. दुकानात, तो बसायचा त्या कोपऱ्यात, मी पाण्याविना जमिनीवर बसलो. एक गिऱ्हाईक समई हातात घेऊन पुन्हा पुन्हा भाव विचारत होतं. मी काही बोललो नाही. ते चिडून निघून गेलं.