चोविसाव्या पटावरचे जाधव

रविवार, २२ डिसेंबर २०२४. थंडी बरी. सकाळी नळाला पाणी आले नाही. दुपारी महांतेश आला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाची कायम सोय होणार, खोलीला ह्यांचे नाव. एक जानेवारीला उद्घाटन. भिंतीवर फळा, त्यावर सत्त्याऐंशी सालच्या डावाची नोंद. कोण जिंकले ते विचारतो. दोघेजण 'मी' म्हणतात. दोघेही जाधव. तुरीची डाळ भरडून आणली.

एवढं लिहून उमादेवींनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि 'दोघेजण' या शब्दाखाली रेघ मारली.

रोजनिशीची सवय त्यांना सोलापूरच्या मिशनच्या शाळेत लागली, नवव्या वर्षी. सिस्टरांचा नियम होता: तारीख, हवा, कोण आलं, काय आणलं, काय संपलं. खोडायचं नाही. चुकलं तर चुकलेलं राहू द्यायचं. लग्न होऊन त्या कळंबला आल्या, आडत दुकानाच्या धबडग्यात पडल्या, नवऱ्याला, शंभुलिंगअप्पांना, जाऊनही आता अकरा वर्षं झाली, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत एक पान कोरं राहिलेलं नव्हतं. गल्लीत कुणाचा जन्म कोणत्या वारी झाला, हे लोक नगरपालिकेच्या आधी त्यांना विचारत.

म्हणून तर महांतेश, त्यांचा पुतण्या आणि वाचनालयाचा सेक्रेटरी, बिनधास्त म्हणाला होता, "काकू, तुमच्या वहीत असंल की."

सत्त्याऐंशी साली पुण्याचे एक नामांकित खेळाडू कळंबला आले होते. अप्पांनीच बोलावलं होतं. आडतीच्या शेडमध्ये ज्वारीची पोती ओळीनं लावून त्यांवर चोवीस पट मांडले, आणि पाहुणे एकटे चोवीस जणांशी एकाच वेळी खेळले. तेवीस डाव त्यांनी जिंकले, एक हरले. पेपरात छापून आलं, 'कळंबच्या जाधवांनी पाहुण्यांना हरवले.' आणि या भागात एस.टी.त कुणी 'अहो जाधव' म्हणून हाक मारली, तर निम्मी गाडी मागं वळून बघते.

उमादेवींनी पत्र्याची पेटी उघडून त्या सालची वही काढली.

'१५ नोव्हेंबर १९८७, रविवार. शेडमध्ये चोवीस डाव. चहा चार वेळा. साखर संपली. निळ्या फुलांच्या कपाचा कान तुटला. जाधव जिंकले.'

कप कोणता, ते लिहिलं होतं. जाधव कोणते, ते लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्या भिंतीच्या अलीकडे स्टोव्हजवळ होत्या. शेडमध्ये आरडाओरडा झाला, 'जाधव जिंकले, जाधव जिंकले', तो ऐकून त्यांनी लिहिलं. सदतीस वर्षांत ही चूक त्यांना दिसली नव्हती. आता ती दिसली आणि दातात अडकल्यासारखी अडकून बसली.

मग त्यांनी अप्पांची बुद्धिबळाची वही काढली. तीत खेळणाऱ्यांची यादी होती, आणि त्या यादीत जाधव तीन: मास्तर, पोस्टमन, टेलर. पोस्टमन आणि टेलर केव्हाच वारले. उरले मास्तर, 'मी' म्हणणाऱ्या दोघांपैकी एक. यादीत चौथा जाधव नव्हता.

आणि 'मी जिंकलो' म्हणणारा दुसरा माणूस होता धनाजी जाधव. तो तर अप्पांच्याच आडतीत हमाल होता.

झालं, असं कुणीही म्हटलं असतं. धनाजी खोटं बोलतो, मास्तरांचं नाव लिहा. पण उमादेवींना सोपी उत्तरं पटकन पटत नसत. दुधात पाणी नाही असं गवळी आपणहून सांगायला लागला, की त्या त्याच दिवशी गवळी बदलत.

बब्रुवान जाधव मूळचे तेरचे. तीस वर्षं कळंबच्या शाळेत मास्तर. निवृत्तीनंतर बुद्धिबळाचा क्लास चालवत, आणि महांतेशची नात गायत्री त्याच क्लासला जात होती, हेही उमादेवींनी मनात टिपून ठेवलं. बुधवारी मास्तर घरी आले. हातात पिशवी, पिशवीत पेरू.

"वहिनी, शेतातले आहेत. यंदा वेळअमावास्येला तेरला या, शेतात पंगत आहे."

"या वर्षी कसे काय पेरू?" उमादेवी म्हणाल्या. मास्तर पाच वर्षांत उंबऱ्याला आले नव्हते.

"आठवण झाली." मास्तर खुर्चीत सैल झाले. "आणि सहज विचारतो, ती जुनी वही सापडली का हो?"

"कोणती?"

"सत्त्याऐंशीची."

"बघते. लागेल का तुम्हाला?"

"छे छे, मला काय करायचंय! आपलं, उगाच कुणी काही बोलतं. हमाल माणूस. चार वेळा ऐकलेली गोष्ट त्याला आपलीच वाटायला लागते. त्याचाही दोष नाही."

मास्तर गेल्यावर त्यांनी पेरू उलटेपालटे करून पाहिले. चांगले होते. त्यामुळे संशय आणखी वाढला.

धनाजीचं उलटं. महांतेशनं विचारलं तेव्हा तो "व्हय, म्याच" एवढंच म्हणाला आणि पटावर खाली बघत बसला. ना तो घरी आला, ना वही मागितली. पाठ गेल्यावर त्यानं हमाली सोडली होती. येरमाळ्याला देवीच्या वाटेवर नारळाचं दुकान होतं. बायको गेलेली, मुलगी बार्शीला दिलेली. दर रविवारी दुकानावर फडकं टाकून तो एस.टी.नं कळंबला येई, वाचनालयात दाराजवळच्या पटावर खेळे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. आयुष्यात त्याचं नाव कुठं लिहिलं गेलं असेल तर हजेरीच्या बुकात आणि रेशन कार्डावर. फळ्यावर नाव लागलं तर त्याला काय वाटेल, हे उमादेवींना कळत होतं. म्हणूनच त्यांना शंका येत होती. इतकं हवं असताना माणूस गप्प का बसतो? पढवलेला तर नसेल कुणी?

महांतेशला घाई होती. सोमवारी वेळअमावास्या, सगळं गाव शेतात. पेंटर रविवारी संध्याकाळी फळा घेऊन जाणार होता. "काकू, रविवारपर्यंत नाव सांगा. न्हायतर मास्तरांचं लिहितो. यादीत हायेतच की ते."

"यादी तुला कुणी दाखवली?"

"मास्तरच म्हणाले."

अप्पांची वही मास्तरांनी केव्हा पाहिली? उमादेवींनी तेही लिहून ठेवलं.

त्या स्वतः खेळत नसत, पण चाळीस वर्षं अप्पांच्या पटाशेजारी तांदूळ निवडलेले. यादीच्या मागच्या पानावर अप्पांनी तो जिंकलेला डाव टिपला होता, वर नुसतं 'जाधव'. शेवटाकडे एक ओळ होती. ती त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. 'प्यादे कडेच्या शेवटच्या घरात. हत्ती मागितला. पाहुणे हसले.'

प्यादं शेवटच्या घरात पोचलं की कुणीही वजीर घेतो. हत्ती कोण मागेल? हे कोडं पूर्ण सुटलं नव्हतं, पण त्या ओळीबद्दल त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. डावाचा शेवट त्यांनी अप्पांच्या पटावर मांडला आणि रविवारी दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं. मास्तरांना दहाला, धनाजीला चारला.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पट पाहताच म्हणाले, "अरे वा! हाच तो डाव. वहिनी, अंगावर काटा आला बघा."

"आठवतोय?"

"आठवतोय म्हणजे? माझाच डाव." त्यांनी प्यादं पुढं सरकवलं, उचललं आणि त्या जागी वजीर ठेवला. "असाच वजीर घेतला आणि पाहुण्यांनी हात पुढं केला. म्हणाले, मास्तर, मानलं तुम्हाला."

"वजीरच घेतला होता?"

"दुसरं काय घेणार? पुस्तकात तेच सांगितलंय."

उमादेवींनी त्यांना चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.

धनाजी चारला आला. चप्पल बाहेर काढून आतल्या सतरंजीच्या कडेला बसला. आधी त्यानं नारळ पुढं ठेवला, तर उमादेवींनी तो बाजूला सारला. "आज काही घेऊन यायचं नव्हतं."

"देवीचा परसाद हाय, अक्का. दुकानचा न्हाय."

"खेळ."

तो पटाकडे बघत राहिला. तोंडावर काही दिसेना. आठवलं असेल तर नाटक करत नव्हता, आणि नाटक करत असेल तर चांगलं करत होता. मग त्यानं प्यादं सरकवलं, बाजूला ठेवलं आणि हत्ती उचलून तिथं मांडला.

"वजीर का नाही घेतलास?"

"हत्तीच्या घरात प्यादं गेलं तर हत्तीच व्हतंय की. वजीर कसा व्हईल? वजीर पायजे तर वजिराच्या घरात जावं लागतंय. मामानं असंच शिकवलंय मला." मग तो जरा हसला. "त्या पाव्हण्यानं बी हेच इचारलं. मला वाटलं ह्येला खेळता येत न्हाय."

गावाकडचा जुना खेळ. ज्या घरात प्यादं, त्या घरचा मोहरा. पुस्तकातून शिकलेल्या माणसाचा हात तिथं जाणारच नाही.

पण उमादेवींचं मन अजून राजी होईना. "यादीत तुझं नाव नाही, धनाजी."

"नसंल. टेलर आला न्हाय त्या दिशी. चोवीसवी जागा मोकळी. अप्पा म्हनले, धन्या, हात धू आन बस, पाव्हण्याला मोकळी जागा दिसाय नगं. म्या पोतं टाकून बसलो."

"मग पेपरात पूर्ण नाव का नाही आलं?"

धनाजीनं हत्ती उचलून मुठीत धरला.

"बोल की."

"अप्पांनीच सांगितलं पेपरवाल्याला, जाधव म्हनून. म्या मागंच हुबा व्हतो. अक्का, समदे आडतवाले बसले व्हते, डाक्टर, मास्तर. समदे हरले. मास्तर तर जेवायच्या आधीच उठले. आन हमाल जिंकला, हे कसं सांगावं? अप्पा म्हनले, धन्या, लई चांगला खेळलास. पर सांगत फिरू नगंस."

"अप्पा नाहीत आता. त्यांच्यावर ढकलायला तुला सोपं आहे."

"त्येंच्यावर ढकलाय लागंल म्हनून तर गप बसलो इतकी वर्सं." त्यानं हत्ती जागेवर ठेवला. "आता बी मास्तराचं लिवा. खोली अप्पांची हाय. तितं ही गोष्ट नगं."

उमादेवी उठल्या आणि पेटीपाशी गेल्या. धनाजीचं बोलणं खरं असलं तर त्यांनी जन्मभर ज्या माणसाला सरळ समजलं, तो एका जागी वाकडा चालला होता. खोटं असलं तर त्यांच्या घरात बसून एक माणूस मेलेल्याच्या नावानं खोटं बोलत होता. दोन्हींतलं एक आजच ठरायला हवं होतं. त्यांनी सत्त्याऐंशीची वही पुन्हा काढली. पंधरा तारखेचं पान पाठ झालं होतं. त्यांनी चौदाचं उघडलं.

'१४ नोव्हेंबर, शनिवार. पोलकी शिवून आली नाहीत. जाधव टेलर मेव्हण्याच्या लग्नाला बार्शीला गेले, सोमवारी येणार.'

त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. खिडकीत धरून पुन्हा वाचली. शाई त्यांचीच, अक्षर त्यांचंच. पोलक्यांचा राग अजून त्यात दिसत होता.

वही मिटून त्यांनी महांतेशला फोन लावला. "लिहून घे. धनाजी जाधव, येरमाळा. त्याखाली कंसात लिही, हमाल, शंभुलिंगअप्पांची आडत."

"काकू, हमाल कशाला? अन् ते बी अप्पांच्याच खोलीत?"

"अप्पांच्याच खोलीत. नुसतं जाधव लिहिलंस तर उद्या अजून एखादा जाधव येईल पेरू घेऊन."

"मास्तर रागावतील."

"त्यांना सांग, वजीर घेतला तिथंच चुकले."

महांतेशला काही कळलं नाही. धनाजीला कळलं. त्यानं सतरंजीचा एक सुटा धागा ओढून काढला. मग म्हणाला, "अक्का, ती कंसातली ओळ... अप्पांना बोल लागंल."

"लागू दे. मी आहे ऐकायला."

तो सव्वापाचच्या गाडीला गेला. जाताना दारात दोनदा वळला. उमादेवींनी मोहरे डबीत भरताना मोजले. बत्तीस होते. मग दिवा लावून वही उघडली, तारीख घातली, आलेल्यांची नावं लिहिली, या वेळी पूर्ण. अप्पांविषयी काही लिहिलं नाही. शेवटची ओळ लिहिली:

उद्याच्या अंबिलीचे पीठ ताकात कालवून ठेवले.