हौसाबाईंचा पंखा

हौसाबाई आमच्या घरात आल्या की चप्पल काढल्या काढल्या आधी पंखा बंद करायच्या. रेवा, माझी सून, दुसऱ्यांदा बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. त्र्याण्णवचा एप्रिल, पनवेलची ती अंगाला चिकटणारी हवा, आणि या बाई तिला कानाला रुमाल बांधून घामाघूम बसवायच्या. मी कुरकुरले तर मलाच ऐकवलं, “वहिनी, बाळंतिणीला वारा लागला तं जलमभर कंबर धरंल. मंग माझ्या नावानं रडू नका.” त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. माझंही नाही, आणि मी काही कमी तोंडाळ नाही.

त्या मूळच्या कोन गावच्या. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी विचारलं नाही, म्हणून एका मुलीला काखेत मारून पनवेलला आल्या आणि आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहिल्या. बाळंतिणींना तेल लावायचं, बाळांना न्हाऊ घालायचं, हाच धंदा. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर पालथी पडून न्हाली असतील. मुलगी मनिषा बारावीपर्यंत शिकली. जावई निकेश कारखान्यात होता, त्याची बदली बडोद्याला झाली आणि मनिषा सासूसह तिकडे गेली. त्यानंतर हौसाबाई संध्याकाळी उगाचच आमच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या.

मनिषाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्या प्रथमच स्वतःहून हसल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मनिषा येणार. दुसऱ्यांची एवढी पोरं न्हाऊ घातली, आता आपलं नातवंड पायावर घ्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून झाली. डिंक आणला.

मग मनिषाचं पत्र आलं. हौसाबाईंना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. ‘आई, मी यायचं म्हणते, पण तुझ्याकडे एकच पंखा, तोही बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीत मला उकाडा सोसणार नाही. इथे प्रत्येक खोलीत पंखा आहे.’ मी मनातल्या मनात खूश. म्हटलं, आता बघू लेकीला कशी झाडतात. त्यांनी पत्राची घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, “तुमच्या त्या कुमारला बोलवा. पंखा आत लावायचा हाय.”

“आणि वारा लागला म्हणजे?” मी सोडते होय.

“येकावर फिरवायचा. हळू हळू.”

कुमार वायरमन दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला. बाहेरच्या खोलीतला पंखा उतरवला, पाती पुसली, आतल्या तुळईला कडी ठोकून टांगला. बटण मात्र बाहेरच राहिलं. आत नवीन बोर्ड बसवायचा तर भिंत फोडावी लागली असती. हौसाबाई बाहेरून बटण दाबायच्या, धावत आत जाऊन खाटेवर आडव्या व्हायच्या, वारा डोक्याला लागतो की पायाला ते बघायच्या. खाट तीनदा सरकवली. मी दारात उभी राहून हसत होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

आठवड्याने मनिषाचा फोन आमच्या घरी आला. हौसाबाई रेवाच्या बाळाला पावडर लावत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी फोन घेतला. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, सासूबाई आहेतच, तू बारशाला ये. मनिषाचा आवाज मला पलंगापर्यंत ऐकू येत होता.

“पंखा लावलाय गो आत,” हौसाबाई म्हणाल्या. मग, “बाळाला न्हाऊ कोण घालंल?”

“एक बाई लावलीय, आई. चांगली आहे म्हणतात.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. आयुष्यभर लोकांनी अशी ‘बाई’ म्हणून लावलं ते त्यांनाच. त्यांनी राहिलेली पावडर लावली, बाळाला बांधलं, रेवाच्या कुशीत दिलं. जाताना म्हणाल्या, “उकडतंय पोरीला. पंखा लावा.”

मे महिना उजाडला. एका दुपारी ताक द्यायला गेले, तर हौसाबाई बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. आत रिकाम्या खाटेवर पंखा एकावर फिरत होता. दुपटी उशाशी तशीच घडी घातलेली.

“अहो, आत तरी निजा,” मी म्हटलं. “नाहीतर कुमारला सांगते, पंखा परत बाहेर लावून देईल.”

“नको. ऱ्हाऊ द्या तिथंच. दुसऱ्या खेपेला येल ती.”

दुसरं बाळंतपण सासरी करतात, हे पनवेलच्या घराघरांत त्यांनीच सांगितलेलं. मी ताकाचं भांडं खाली ठेवलं, त्यांच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि त्यांना वारा घालत बसले.