मेंढरांमागचा तांबडा

गुडघे दुखतात म्हणून बीडच्या डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. पण बीडमध्ये चालायचं कुठं? स्टँडकडं गेलं तर रिक्षा अंगावर येतात आणि कोर्टाकडं गेलं तर ओळखीचं कुणीतरी भेटतं, अन् 'बाई, आता घरी बसून काय करता?' हे विचारल्याशिवाय सोडत नाही. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, तेव्हा इतका राग कधी आला नव्हता. शेवटी मी सामान बांधलं, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि उन्हाळ्यापुरती चौसाळ्याजवळच्या आमच्या शेतावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

नवरा कोर्टात कारकून होता. डोंगरावर येता का म्हटलं की हा माणूस पुढची तारीख देतो. म्हणून मी आमच्या काळ्या कुत्र्याला घेऊन निघायचे. तेही वयानं थकलेलं, पोट सुटलेलं. पहिल्या चढापर्यंत मोठ्या उत्साहात यायचं आणि हिवराच्या सावलीत अंग टाकायचं. येताना मी त्याला उठवून घरी आणायची.

डोंगर तसा फार उंच नाही. शेतामागून पायवाट निघते, वाटेत पानं झडलेली सीताफळाची झाडं, मध्येच एखादी टेंभुर्णी. वर गेलं की पवनचक्क्या लागतात. तिथून हायवेवरचे ट्रक दिसतात, पण त्यांचा आवाज येत नाही. सकाळी सहाला तिथं वारा असतो आणि आठला तो कुठं जातो कुणास ठाऊक. मला ती जागा फार आवडली. गुडघे दुखतच होते, पण त्यांच्याकडं लक्ष जाईना.

त्या वर्षी आमच्या पडीक रानात मेंढरं बसवली होती. मेंढरं रानात मुक्कामाला राहिली की लेंड्यांचं खत आयतंच पडतं, म्हणून आम्हीच मेंढपाळाला बोलावून घेतो. नवराबायको दोघंच होती. बाई माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई. तिचा नवरा उजाडताच मोठी मेंढरं चरायला न्यायचा. लहान कोकरं जाळीच्या वाड्यात मागं राहायची आणि त्यांच्या राखणीला मावशी आणि एक तांबडा कुत्रा.

काय देखणा होता तो! रुंद छाती, जाड मान, मानेला खिळ्यांचा पट्टा. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून हे लोक तसा पट्टा बांधतात. मी पायवाटेनं जाऊ लागले की तो उठून उभा राहायचा. भुंकायचा नाही, शेपूट हलवायचा नाही, नुसता बघायचा. वर्गात शेवटच्या बाकावर एखादं पोरगं असतं, सगळं येत असून हात वर न करणारं. तसल्या पोरांचा मी जन्मभर पिच्छा पुरवला आहे. याला तरी कशी सोडणार होते!

मी रात्रीची भाकरी तूप लावून पदरात बांधून न्यायला लागले. पहिले काही दिवस त्यानं वासही घेतला नाही. मी तुकडा ठेवून पुढं जायचे आणि येताना तो मुंग्यांनी भरलेला असायचा. मग एक दिवस तुकडा नव्हता. त्यानंतर दोनतीन दिवसांनी त्यानं तो माझ्या हातातून घेतला, इतक्या हळू की बोटांना नुसती ओल लागली. मी घरी येऊन नवऱ्याला हे तीन वेळा सांगितलं. तो म्हणाला, "लग्नात मला घास भरवताना एवढी खूश नव्हतीस."

त्यानंतरचा महिना सुखाचा गेला. हे मी लाजत नाही सांगायला. सकाळी दार उघडलं की तांबडा पायरीशी हजर. आमचं काळंही त्याच्या नादानं वरपर्यंत चढायला लागलं. तांबड्यानं मला कपारीतला एक पाझर दाखवला. मी इतकी वर्षं या रानाची मालकीण, आणि मला तो ठाऊक नव्हता. ससा उठला की तो धावायचा, हात हलवत परत यायचा म्हणतात तसा, आणि मी त्याला खूप चिडवायची. वर बसलो की तो मधूनच खाली रानाकडं तोंड करून कान टवकारायचा. मला ते आवडायचं नाही. मी बिस्किटाचा पुडा वाजवायची, की तोंड माझ्याकडं.

मग ती सकाळ आली. आम्ही उतरत होतो. तांबडा एकाएकी थबकला आणि बाणासारखा खाली सुटला. मी पोचले तेव्हा मावशी जाळीपाशी बसली होती. पाण्याची घागर आडवी पडलेली. एक कोकरू तिच्यापुढं मरून पडलं होतं आणि दुसरं लांडग्यानं नेलं होतं. ती विहिरीवर पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात हे झालं. तांबडा जाळीभोवती वेड्यासारखा वास घेत फिरत होता.

तिनं माझ्या पदराकडं पाहिलं. भाकरीची गाठ अजून तशीच होती.

"बाई, तुमी ह्याला खाऊ घालता व्हय?"

मी हो म्हणाले.

"कावून घातलं, बाई?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती. "आमच्यात कुत्र्याला एकच टाइम खायला देतेत. दिस बुडल्यावर, मेंढरं जाळीत आली की, हितंच जाळीपाशी. ते बी ज्यानं वाढवलं त्याच्याच हातानं. दुसरीकडं पोट भराय लागलं की त्याचं मन कळपात ऱ्हात न्हाई."

शेजारच्याच्या कुत्र्याला भाकरी घालू नये असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी तर दारात आलेल्या कुत्र्याला तुकडा घालणं हे पुण्याचं काम.

मी म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. तुमचं जे नुकसान झालं ते मी भरून देते."

"ते ऱ्हाऊ द्या. आमचे मालक चार दिसांपास्नं म्हनतेत, असलं कुत्रं सोबत न्यायचं न्हाई. पुढं डोंगरात लई लांडगे हायेत. हितून हालताना सोडून देऊ म्हनतेत." मग ती तांबड्याकडं पाहत म्हणाली, "ह्याची माय ट्रकखाली गेली तवा ह्याचे डोळे बी उघडले न्हवते. मेंढीचं दूध कापडानं पाजून वाढवलाय मी."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मग माझ्याकडं राहू द्या. मी सांभाळते."

"सांभाळाल की," ती म्हणाली. "कोकरं कोन सांभाळंल?"

त्या रात्री मला माझीच शरम वाटली, कारण आत कुठंतरी मला आनंद झाला होता. मी काहीच केलं नाही, नुसती रोजच्यासारखी भाकरी घालत राहिले, तर तो कुत्रा माझा होणार होता. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग ठरव." एरवी तारखा देणारा माणूस, नेमका तेव्हा निकाल मागायला लागला.

कुत्रं पुन्हा कळपाला लागतंय का बघायला मावशीनं नवऱ्याकडून आठ दिवस मागून घेतले होते. मी दार बंद ठेवू लागले. सकाळी तांबडा यायचा, पायरीवर बसायचा, मग दार खरवडायचा. आतून आमचं काळं कण्हायचं. तांबड्याला घाबरणारा माझा नवरा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "एवढासा तुकडा दे की गं." मी त्याच्यावर इतकी ओरडले, की दिवसभर आम्ही बोललो नाही. मी डोंगर सोडला, हायवेच्या बाजूनं फिरायला लागले. तांबडा तिकडंही मागं आला. खाली जाळीत कोकरं आणि मावशी एकटी.

पाचव्या दिवशी मी दगड उचलला. आपल्याकडं माणूस नुसतं खाली वाकलं तरी कुत्री पळतात. हा पळाला नाही. मी काहीतरी द्यायला वाकले असं त्याला वाटलं आणि तो शेपूट हलवत पुढं आला. मी "हाड, जा" म्हणाले. तो आणखी पुढं आला. मी दगड मारला. तो त्याच्या पुढच्या पायाला लागला.

तो ओरडला, पाय वर धरून उभा राहिला आणि माझ्याकडं पाहू लागला. मी दुसरा दगड उचलला. मग तो लंगडत रानाकडं गेला, आणि मी रस्त्याच्या कडेला बसून मोठ्यानं रडले. एक मोटारसायकलवाला थांबला, म्हणाला, "काय झालं काकू, पडलात का?" मी हो म्हणाले.

नंतर तो आला नाही. पायरीकडं पाहायचं नाही असं ठरवूनही मी रोज पाहायची. मावशी विहिरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "पाय बरा हाय त्याचा. ऱ्हातोय जाळीपाशी. मालक बी काय बोलंनात." मी दगडाचं तिला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

त्यांचा मुक्काम हलायच्या आदल्या संध्याकाळी मी दोघांसाठी पुरणपोळी घेऊन गेले. दिवस बुडत होता, मेंढरं जाळीत शिरत होती. मी वीसेक पावलांवर असेन, तेवढ्यात तांबडा कोकरांच्या पुढं येऊन उभा राहिला. मानेवरचे केस ताठ. तो माझ्यावर भुंकला. महिनाभर माझ्या हातून खाल्लेला कुत्रा, दात दाखवून, पाय रोवून भुंकला.

मावशी ओशाळली. "या बाई, या. काय करत न्हाई त्यो. गप रे!"

"गप करू नका त्याला," मी म्हणाले. मी पोळ्यांचं फडकं तिथंच बांधावर ठेवलं आणि मागं वळले. मी घराच्या दारात पोचेपर्यंत तो भुंकत होता.