मायच्या पाठीवरचं कापड

आमच्या घरी त्याला स्कॅप्युलर कुणी म्हणत नसे, मातेचं कापड म्हणत. काडीपेटीएवढे दोन तपकिरी लोकरी तुकडे, दोन फितींनी जोडलेले. एक छातीवर, एक पाठीवर. मायच्या गळ्यात ते लग्नाआधीपासून होतं. अमरावतीच्या फादरांनी तिला ते घातलं, तेव्हा वचनही सांगितलं होतं: हे अंगावर असताना जो मरेल त्याला नरकाची आग लागणार नाही, आणि मेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी कार्मेलमाता, म्हणजे येशूची आई, स्वतः येऊन त्याला पापं जळतात त्या शुद्धिस्थानातून सोडवून स्वर्गात नेईल. सातबाऱ्यावर नाव लागावं तशी माय त्या बाबतीत निश्चिंत होती. मी शाळेत गेलेली, मला तिचं हसू यायचं.

कापड लोकरीचंच हवं, असा नियम. अकोल्यात कापसाला तोटा नव्हता. बाबा जिनात कामाला, त्यांच्या मिशीतही कापूस असायचा. लोकरीचं कापड मात्र अमरावतीच्या सिस्टरांकडून यायचं. जुनं झिजलं की ते फेकायचं नाही, चुलीत घालायचं.

शेजारच्या मावशींचं घर नुकतंच बौद्ध झालं होतं. त्या मायला चिडवत, "आमी गंडेताईत काढून फेकले, अन तुमी अजून गळ्यात घालून बसल्या!"

"ताईत नोहे बाई हा, मातेचा पदर हाय," माय म्हणे. दोघी हसत आणि मग भाजी निवडायला बसत.

मी एकोणीस-वीस वर्षांची असताना मायच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती चांगली तिखट होती. होळीपासून ती खाटेवर उताणी. त्यात एप्रिलचं ऊन, आणि सिस्टरांकडून आलेलं नवं कापड घोंगडीसारखं राठ. पाठीवरच्या तुकड्याखाली आधी घामोळं आलं, मग कातडी सोलली, मग जखम चिघळली. मी रोज खोबरेल लावायची आणि रोज भांडायची.

"काढ नं माय ते. बरी झाली की घालजो."

"अन तेवढ्यात मेली म्हंजे? मरण काय चिठ्ठी धाडून येते?"

"तुले टोचून राह्यलं, मले पाहावत नाई."

"मंग पाहू नोको."

मायची दया आली म्हणून मी ते केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. दया होतीच. पण मी वैतागलेही होते. तिच्या हट्टाला, त्या कापडाला, रोजच्या त्या जखमेला. एका दुपारी बाबांचं जुनं, मऊ झालेलं धोतर फाडलं, काथाच्या पाण्यात उकळून तपकिरी केलं, दोन पदरांत कापसाचा पातळ थर घालून तुकडे शिवले. रात्री माय झोपल्यावर तिच्या छातीवरच्या खऱ्या तुकड्यावरचं मातेचं चित्र हलकेच उसवून नव्यावर टाचलं. सकाळी अंग पुसताना अदलाबदल केली आणि खरं कापड माझ्या पेटीत तळाशी ठेवलं.

मायने डाव्या हाताने छातीवरचा तुकडा चाचपला.

"लोकरीचंच हाय नं हे?"

"हो. सिस्टरनं दुसरं धाडलं. मऊ लोकर हाय."

आठवडाभरात जखम सुकली. मायला केवढा आनंद! मावशी आल्या की सांगायची, "मातेनं ऐकलं माह्यं. पाहा, आता टोचत नाई." मावशीही पाठ बघून मान डोलवायच्या. मी चुलीपाशी पोळी करपवत बसलेली. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले, आणि ती जितकी खूश होत गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं.

मे महिन्यात, एका गुरुवारी भर दुपारी माय गेली. माझ्याच हातून दोन घोट पाणी प्यायली. डावा हात छातीवरच्या त्या धोतराच्या तुकड्यावर होता. तिला आंघोळ घालताना वाटलं, पेटीतलं काढून घालावं. पण बाबा दारात उभे होते, आणि वचन मरताना अंगावर असलेल्या कापडाचं होतं, नंतर घातलेल्याचं नव्हे. मी पेटी उघडली नाही.

शनिवारी बाबांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. "आज नेलं तिले मातेनं," म्हणाले. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

अकोल्याचे फादर जाळीआडूनही आवाज ओळखतील म्हणून पापनिवेदनाला मी अमरावतीला गेले. तिथले फादर परदेशी, पुस्तकी मराठी बोलणारे. सगळं ऐकून म्हणाले, "देव कापडाचा पोत पाहत नाही, मुली." मला हलकं वाटू लागलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण तू कुणाला विचारले का नाहीस? लोकर सोसत नसेल त्याला कापडाऐवजी मातेचे आशीर्वादित पदक चालते. कधीपासूनची परवानगी आहे. तुझ्या आईला मी स्वतः आणून दिले असते."

एक पदक. दोऱ्यात ओवलेलं, नखाएवढं. मायला टोचलं नसतं, मला खोटं बोलावं लागलं नसतं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. देवाने मला माफ केलं असेल. पण मायने मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि तिच्यासाठी त्याहून मोठा प्रश्न जगात नव्हता.

पेटीतल्या त्या कापडावर मी प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकातलं मातेचं चित्र शिवलं आणि ते गळ्यात घातलं. पदक मागितलं असतं तर मलाही मिळालं असतं. मी मागितलं नाही. उन्हाळ्यात पाठीवर ते टोचतं, घामोळं येतं, घरातले काढ म्हणतात. मी काढत नाही. ते लोकरीचंच आहे.