साधनाची बदकं आणि घरचं सोयाबीन

किन्हीराजा गावच्या साधनाला बारावीत रसायनशास्त्रात ऐंशी गुण होते. सासरी त्यांचा उपयोग एवढाच, की फवारणीच्या डब्यावरचं इंग्रजी तिच्याकडून वाचून घेत. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, ती गोठ्यामागची पत्र्याची खोली. बदकं पाळायची होती. सासरे पुंजाजी हो म्हणाले, पण अट घालून.

"सात हप्त्यांत अडीच किलोची झाली त खोली तुयी. नाई त सोयाबीनचे भरले कट्टे, सारी पोती, तठीच पडतीन."

साठ पिल्लं आली. बदकपालनाच्या प्रशिक्षणात ऐकलेलं तिला पाठ होतं. पिल्लाचं मांस अन् पिसं अमिनो आम्लांवर वाढतात, आणि त्यातलं एक जरी कमी पडलं तरी वाढ तिथंच अडते. सोयाबीनमध्ये नेमकं मेथिओनाइन कमी. म्हणून भरडलेला मका, सोयाबीनची ढेप, म्हणजे तेल काढताना शेकून निघालेली पेंड, आणि वर त्या मेथिओनाइनची मोजून पूड. पुंजाजींच्या डोळ्यांत ती पूड खुपायची. "घरात सोयाबीन पोत्यानं पडलं अन् बाई पुडीतलं चारून राह्यली," असं ते पारावर बसून सांगत.

तिसऱ्या हप्त्यापासून वजन रेंगाळलं. पिसंही विरळच राहिली. साधनाने आधी मक्यावर संशय घेतला, मग पाण्यावर, शेवटी स्वतःवर. कॅलेंडरच्या मागे तिने सगळं प्रमाण चारदा मांडून पाहिलं. नवरा हरीओम जेवताजेवता म्हणाला, "तुयं शास्त्र कागदावरच बरं."

सात हप्ते भरले त्या सकाळी मालेगावचा व्यापारी फय्याज बदकं घ्यायला आला. काटा सव्वा किलोच्या पुढे सरकेना. फय्याज भला माणूस, त्यालाच वाईट वाटलं. "भाबी, एक कापून पाहतो. बिमारी असन त समजन तरी."

बिमारी नव्हती. गळ्यात सोयाबीनचे आख्खे दाणे होते, कच्चे, पाण्याने फुगलेले.

साधनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कच्चं सोयाबीन पोटात गेलं की खाल्लेलं प्रथिन धड पचतच नाही. मग पूड चिमूटभर घाला नाहीतर मूठभर. पण सोयाबीनवर जगणाऱ्या मुलखात सोयाबीनला नाव कोण ठेवणार?

"मामाजी, हे तुमी टाकलं?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"टाकलं मंग. तू धारा काढाले गेली का रोज दोन ओंजळी. पिल्लं उपाशी दिसत होती."

म्हाताऱ्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं. कपट असतं तर निदान भांडता आलं असतं. तरी ती बोलली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसासमोर, आवाज चढवून तिने सगळं समजावलं: भाजलं असतं, ढेपच घातली असती, मला एकदा विचारलं असतं. बोलताना तिने ते दाणे तळहातावर पुढे धरले होते.

पुंजाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या हातातला एक दाणा उचलला, धोतराला पुसला आणि उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"दाणा त टंच हाये," ते म्हणाले. "तुयी बदकंच निकामी. हरीओम, कट्टे आन."

हरीओम उठला.