भिंतीवरचं माक्याचं तेल

बाहेरच्या खोलीत बाबा जिथे टेकून बसायचे, तिथे भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. "डोकं टेकू नका, भिंत खराब होते," असं आई त्यांना रोज म्हणायची. बाबा जाऊन वर्ष झालं, तरी डाग तसाच होता. काल रंगारी आला आणि म्हणाला, "ताई, हे आधी साबणाने धुऊन घ्या. तेलावर रंग बसत नाही."

आज सकाळी मी बादली घेऊन बसले. नुसतं पाणी मारलं तर ते डागावरून ओघळून गेलं. साबण लावल्यावर मात्र डाग सुटायला लागला, माक्याचा वासही आला. साबण मुळात तेलापासूनच बनतो. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. दोन्ही घरांशी नातं असलेलं माणूस मध्यस्थीला बरं पडतं, तसंच हे. असे असंख्य रेणू तेलाच्या बारीक थेंबांभोवती जमतात आणि त्यांना पाण्यासोबत घेऊन जातात. तेल नाहीसं होत नाही. ते फक्त जागा सोडतं.

आई दारात उभी राहून बघत होती.

"निघाला?" तिने विचारलं.

"भिंतीवरून निघाला."

बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. ते मोरीत ओतायला मी उठले, तशी ती म्हणाली, "राहू दे. मी ओतते मग."

संध्याकाळ झाली. बादली अजून तिथेच आहे.