दाव्याची घंटा

हात पिठाचे असोत की साबणाचे, घंटा वाजली की शेजारच्या वहिनी तशाच धावायच्या. "आले, आले!" तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. नीट बघा तिच्याकडे.

आमचं गाव संगमनेरजवळ. वहिनींच्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, उजवं अंग गेलं. त्यांचं करायचं म्हणून वहिनींनी गाय विकली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वहिनींनी दाव्याबरोबर गायीच्या गळ्यातली घंटाही ठेवून घेतली. ती दाव्याला बांधून खिडकीत टांगली आणि दाव्याचं दुसरं टोक भाऊंच्या डाव्या हातात दिलं.

एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की कूस बदलायची. वाजतच राहिली तर साहेब रागावले. "आदी तोंडानं बोलवायचे, आता घंटीनं," वहिनी हसायच्या. "धावनं त्येच!"

मग वहिनींचंच पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी गाठ सांगितली, ताबडतोब ऑपरेशन करा म्हणाले. एकुलती लेक श्रीगोंद्याला दिलेली, आणि तिची सासू अंथरुणाला खिळलेली. ती तरी कशी येणार?

"काही लागलं तर सांगा हं," असं मी येता-जाता म्हणायचे. म्हणायला काय जातं? एके दिवशी वहिनींनी ते खरं धरलं.

"बाई, आठ दिस यांच्याकडं बगता का? म्हंजी मी दवाखान्यात जाऊन येते."

"शाळेच्या परीक्षा संपू द्या, वहिनी."

परीक्षा होत्याच, खोटं नव्हतं. पण परक्या पुरुषाचं अंग पुसायची मला किळस वाटली, हे जास्त खरं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

"व्हय, व्हय. तुमची बी नोकरी हाय," उलट त्याच मला समजावू लागल्या. तेवढ्यात घंटा वाजली. पोट दाबून धरत त्या उठल्या. "आले, आले."

दोन पेपर राहिले असताना गाठ पोटातच फुटली. वहिनी दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. घंटा वाजली. पण उठेना कुणीच. सवयीनं आम्ही स्वयंपाकघराकडे बघत राहिलो. शेवटी मी तांब्या उचलला आणि "आले, आले," म्हणत आत गेले.

भाऊंनी पाणी घेतलं नाही. माझ्या खांद्यावरून त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि दावं पुन्हा ओढलं.